तीन हात

बटण दाबलं की कट्ट.
फक्त कट्ट.
सीटखाली कुणीतरी जीभ टाळूला लावून
नाही म्हणतंय, एवढंच.

चौऱ्याहत्तर सालची होंडा, तीनशे साठ.
किक आहे, पण माझा उजवा गुडघा
आंग्राच्या डॉक्टरने नवा बसवलाय,
आणि त्याची हमी किकला लागू नाही.

घर कड्यावर. त्यामुळे सकाळी अडत नाही:
दुसरा गिअर, क्लच दाबलेला,
उतार आपलाच.
तिसऱ्या वळणाआधी ती जागी होते.
पण खाली, समुद्राला चिकटलेल्या सपाटीवर
जिथे माझी कॉफीची चाळीस झाडं आहेत
आणि उतार संपलेला असतो,
तिथे संध्याकाळी मी आणि ती
एकमेकांकडे बघत बसतो.

सगळे म्हणाले, बॅटरी.
बॅटरी बदलली. कट्ट.
चीजच्या कारखान्यातला ओनोफ्रे म्हणाला, रिले.
रिले बोटीने आला, अकरा दिवसांनी, समुद्र खवळला होता.
पुन्हा कट्ट. जरा खणखणीत, नव्या कोऱ्या आवाजात.
पाद्रीबुवा म्हणाले, बॅटरीच बघ परत एकदा.

शेवटी झुल्मिरा आली,
बेटावरची दूध काढायची यंत्रं दुरुस्त करते ती.
काही विचारलं नाही. मीटर काढला,
एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला,
दुसरं इंजिनाच्या पोटाला.
"दाब."
काटा शून्यापाशी पडून राहायला हवा होता.
तो नऊवर चढला.
"दाबून धर." आणि तिने क्लचच्या केबलीला बोट लावलं,
झटकन काढलं, कानाची पाळी धरली,
मक्याची भाकरी उलटताना
माझी आई धरायची तशी.

"वीज निघते," ती म्हणाली, "स्टार्टरपर्यंत पोचते.
परत यायला वाट नाही तिला.
म्हणून चोरासारखी क्लचच्या केबलीतून येते.
तुझ्या गाडीला अर्थच लागत नाहीये, बेल्मिरो.
हिवाळ्यात काय केलंस हिचं?"

काय केलं.
पाऊस थांबत नव्हता.
जर्त्रुदेस तेर्सेराला बहिणीकडे गेली होती,
कधी येणार ते न सांगता.
मी गाडी सुटी केली, सांगाडा गोठ्यात टांगला,
गंज खरवडला, आणि रंग दिला.
एक हात.
वाळू दिला, दुसरा हात.
मग आठवडाभराने तिसरा, कारण दुसरं काही करायला नव्हतं.
एक जागा सोडली नाही.
बोल्ट बसतात तिथे, भोकांच्या आतसुद्धा,
जिथे कुण्णी बघणार नाही तिथे
सगळ्यात जाड.

झुल्मिराने वजाच्या वायरीचा बोल्ट सोडला
आणि चाकू उघडला.
मी गाईकडे बघत राहिलो.
खर्र. खर्र.
नाण्याएवढी जागा. मग इंजिनाच्या बोल्टाखाली अजून एक.
आत लोखंड, उघडं, लाजल्यासारखं चमकणारं.
वायर घासली, ग्रीस लावलं, आवळलं.
"दाब."

कट्ट झालं असेल, ऐकू आलं नाही.
गाडी खाकरली, फिरली, पकडली,
गाईने दावं ताणलं,
कोंबड्या पार चिंचोळ्या भिंतीवर जाऊन बसल्या.
मी म्हटलं, आता त्या जागेवर जरा एक हात...
झुल्मिराने चाकू अजून मिटला नव्हता.
मी गप्प बसलो.

पैसे घेतले नाहीत. कॉफी घेतली, दोन किलो,
म्हणजे हिशेबात महागच पडली.

रात्री तेर्सेराला फोन लावला.
म्हटलं, गाडी चालू झाली.
बरं, म्हणाली. मागे टीव्ही चालू होता.
मग मी सगळं सांगायला लागलो,
काटा, केबल, बोल्टाखालचा रंग,
तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराचाच हिरवा, तोच डबा...
टीव्हीचा आवाज कमी झाला.
"कुठला डबा?" तिने विचारलं.